खुर्ची आणि झोपाळा

टाळ्या खोट्या असू शकतात, हे नाटकवाल्यांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पुढच्या रांगांत आपली चार माणसं बसवली की टाळ्या सुरू करून देता येतात. एकदा सुरू झाल्या की बाकीचे आपसूक वाजवतात. हशाचंही तेच. म्हणून नाट्यगृहांनी प्रेक्षकांचे डोळे मोजणारा नजरमापी बसवायला घेतला, तेव्हा निर्माते वैंगणकर म्हणाले होते, "बरं झालं. एकदाचं खरं काय ते कळेल."

खरं काय ते यामिनी सबनीसला सांगलीच्या प्रयोगानंतर कळलं, मेकअप उतरवता उतरवता.

'उरलेली खोली' हे नाटक बावीस वर्षं चालू होतं. यामिनी त्यात सुमती, आणि तिचा नवरा श्रीरंग हा नाटकातलाही नवरा, आप्पा. दुसऱ्या अंकात सुमती खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहते आणि जन्मून तासाभरात गेलेल्या मुलीबद्दल बोलते. नऊ मिनिटं. जागची हलत नाही. कंपनीत या स्वगताला 'खुर्ची' म्हणत. खुर्ची चालू आहे म्हणजे विंगेत चपला वाजवायच्या नाहीत, चहा आत आणायचा नाही, आणि खोकला आला तर बाहेर मैदानात जाऊन खोकायचं. यामिनीचं जे काही नाव झालं, ते या नऊ मिनिटांवर.

नजरमापी बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर ऋचा धारप आठवडाभर दौऱ्याबरोबर फिरत होती. तिने पावडरचे डबे बाजूला सारून लॅपटॉप ठेवला.

"आकडे बघण्याआधी एक गंमत करू? सर, समोरच्या भिंतीवरून नजर डावीकडून उजवीकडे न्या. सावकाश, सलग. मान हलवायची नाही."

श्रीरंगची एक मिशी निघाली होती, दुसरी ओठावरच होती. त्याने डोळे फिरवले. "नेली."

"मॅडम, तुम्ही बघत होतात. कशी गेली?"

"बेडकासारखी," यामिनी हसत म्हणाली. "टुणुक टुणुक."

"चाळीस वर्षं अभिनय करतोय मी," श्रीरंग म्हणाला. "परत नेतो. थांब."

"कितीदाही न्या सर, जमणार नाही. कुणालाच जमत नाही." ऋचाने बोट वर केलं आणि हळूहळू त्याच्या तोंडासमोरून नेलं. "आता याच्याकडे बघा."

या वेळी श्रीरंगचे डोळे ताटात तेल कलंडावं तसे सरकले. मध्ये कुठे थांबा नाही, उडी नाही.

"एवढंच आहे आमचं यंत्र," ऋचा म्हणाली. "रिकाम्या जागेवरून डोळा सरकत नाही. तिथे तो उड्या मारत जातो. सरकायचं तर समोर काहीतरी सरकणारं लागतं, आणि नुसतं असून भागत नाही, मन त्याच्यावर लागावं लागतं. मग मेंदू त्या वस्तूचा वेग मोजतो आणि बुबुळाला तोच वेग देतो. हे ठरवून करता येत नाही, म्हणून याचं सोंगही आणता येत नाही. माणूस नको तिथे टाळ्या वाजवेल, पण हलत नसलेल्या गोष्टीमागे त्याचे डोळे सरकणार नाहीत."

रंगमंचाच्या कमानीवर तिने दोन हात लांबीची एक काळी पट्टी बसवली होती. तीत कॅमेरे होते, अंधारातही बघू शकणारे. ते सहाशे जोडी डोळ्यांचा वेग टिपत. स्टेजवरच्या प्रत्येक नटाच्या हालचालीचा वेग वेगळा कॅमेरा टिपे. मग संगणक दोन्ही जुळवून सांगे, कुठल्या क्षणी किती डोळे कुणाच्या मागे होते.

तिने खुर्चीची नऊ मिनिटं पडद्यावर आणली. एक रेघ वर-खाली, वर-खाली जात होती. इतकी नेमकी, की पट्टी लावून काढल्यासारखी.

"या कसल्या लाटा?" यामिनीने विचारलं.

"झोपाळा आहे, मॅडम."

सुमती बोलत असताना आप्पा पाठीमागे, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या झोपाळ्यावर बसलेले असतात. पायाच्या अंगठ्याने हलकेच झोका घेत.

"एकाहत्तर टक्के लोक," ऋचा म्हणाली. तिला आकड्याचा आनंद झाला होता. समोरच्या बाईचा चेहरा तिने बघितला नाही. "एकाच वस्तूवर एवढे डोळे मी अजून कुठल्याच प्रयोगात बघितले नव्हते. झोपाळा ही डोळ्यांची सगळ्यात आवडती गोष्ट. दोन-तीन झोक्यांनंतर डोळा मागेसुद्धा राहत नाही. पुढचा झोका कुठे वळणार हे मेंदूला आधीच कळतं आणि तो झोपाळ्याच्या बरोबरीने वळतो."

"आणि मी?"

"तुमचा आकडा शून्य येतोय. पण त्याचा अर्थ..."

"ही खालची काळी पट्टी कसली?" यामिनीला अर्थ ऐकायचा नव्हता.

"मिटलेले डोळे. तेवीस टक्के." ऋचा अडखळली. "दुपारचा प्रयोग होता, मॅडम. लोक जेवून येतात."

श्रीरंगने दुसरी मिशी ओढून काढली. त्याला ती नेहमी दुखायची. आज त्याने ती तशीच डबीत टाकली.

यामिनी आणि श्रीरंग लॉजवर पोचले. खोलीत आल्यावर तिने पिशवी कॉटवर टाकली.

"तू झोपाळा हलवतोस."

"पहिल्या वर्षापासून हलवतोय. कड्या वाजतात, तुला ऐकू येतात. तूच म्हणालीस, त्या कुरकुरीने लय सापडते."

ती तसं म्हणाली होती, हे खरं. तोंडावर स्पॉट असायचा. समोर काळोख, आणि पाठीमागचं दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्या काळोखात मागून येणारी ती कुरकुर तिला आधाराची वाटायची. एका मुलाखतीत तिने सांगितलंही होतं, माझ्या स्वगताला श्रीरंगची साथ असते, तबल्यासारखी. ते आठवून आता तिचे कान तापले.

"देशमानेसरांनी नाटक बसवतानाच झोपाळा बंद ठेवायला सांगितलं होतं."

"सर गेले, त्याला किती वर्षं झाली."

"ते असतानाच तू सुरू केलंस. पहिल्या प्रयोगाला झोपाळा गप्प होता, दुसऱ्यालाही. तिसऱ्यापासून कुरकुर. लोक कुठे बघतात हे तुला माहीत होतं?"

श्रीरंग बुटांच्या नाड्या सोडत होता. "स्टेजवर दोघं असले आणि त्यातला एक हलला, तर लोक कुणाकडे बघतात हे कुठल्या नटाला माहीत नसतं? नाटकात पहिल्यांदा पाणी आणून देणाऱ्या पोरालासुद्धा माहीत असतं."

"मग का?"

तो बराच वेळ नाडीच्या गाठीशी खेळला. "तुझं बोलणं ऐकायला डोळे कुठे लागतात, यामिनी?"

हा टोमणा बसला. तिच्या बोलण्याला बघण्यासारखं काही नसतं, असंच तो म्हणाला होता. दुसरा अर्थ निघत होता कुठे?

"उद्या झोपाळा हलला तर मी मध्येच थांबेन," ती म्हणाली. "पडदा पडला तरी बेहत्तर."

कोल्हापूरला झोपाळा हलला नाही. श्रीरंग दोन्ही पाय जमिनीला लावून पुतळ्यासारखा बसला. यामिनी एका जागी वाक्य विसरली. पुढचा शब्द धरायला पाठीमागे कुरकुर नव्हती. पण सावरली. आतून तिला वाटलं, आजची खुर्ची बऱ्याच वर्षांत झाली नव्हती तशी झाली.

आकडे आले. लाटा गेल्या होत्या. नऊ मिनिटं सरळ रेघ. आप्पा शून्य, सुमती शून्य. काळी पट्टी तेवढी वाढलेली, चौतीस टक्के.

"मी तेव्हा सांगत होते, मॅडम," ऋचा म्हणाली. "तुम्ही हलत नाही, म्हणून तुमचा आकडा येतच नाही. शून्य म्हणजे कुणी बघत नाही असं नाही."

"म्हणजे एकटक बघणारा माणूस याला दिसत नाही?"

"एकटक डोळा तुमच्यावर आहे, की पुढच्याच्या टकलावर, की कुठेच नाही, हे इतक्या लांबून सांगता येत नाही. त्यासाठी एकेका प्रेक्षकाला आधी ठिपक्यांकडे बघायला लावून मोजमाप घ्यावं लागतं. सहाशे माणसांना कोण थांबवणार? हालचाल मात्र बिनमोजमापाची जुळते. म्हणून आम्ही तेवढीच मोजतो."

"हे वैंगणकरांना सांगितलं?"

"रिपोर्टच्या शेवटी छापलेलं असतं."

वैंगणकर स्वतः गाडी करून आले. गोल चेहऱ्याचा, कायम घाम पुसणारा माणूस. नाटकांवर त्यांचं खरोखर प्रेम होतं.

"ताई, मला कळतं हो," ते म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा मी तुमची खुर्ची बघायला आलो होतो, आठवतं? पण नाट्यगृहाच्या संगणकाला कुठे आई आहे? शनिवार-रविवारच्या तारखा आता आकड्यांवर मिळतात. मधली नऊ मिनिटं शून्य म्हणजे अख्ख्या प्रयोगाची सरासरी खड्ड्यात. मंगळवारी सकाळी खेळायचं का आपण? कावळ्यांसमोर?"

"काय करायचं म्हणता?"

"खुर्ची दोन मिनिटांची करा. नाहीतर आप्पांचा झोपाळा पूर्ववत सुरू करा. सरळ हिशेब आहे."

"मी हलवतो," श्रीरंग लगेच म्हणाला. "तुझं स्वगत राहील. एक शब्द कापायला नको."

तो ते इतक्या मोठेपणाने म्हणाला, की यामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने बावीस वर्षं घर लुटलं, तोच आता रखवालीला उभा राहत होता. आणि त्याला उभं केल्याशिवाय घर वाचत नव्हतं.

"झोपाळ्यावर मी बसते," ती म्हणाली. "तू खुर्ची धर."

वैंगणकरांचा रुमाल कपाळावरच थांबला.

"नऊ मिनिटं?" श्रीरंगने विचारलं.

"मी धरलीच ना इतकी वर्षं."

नाशिकला पहिल्यांदा ती झोपाळ्यावरून बोलली. झोपाळ्याबरोबर स्पॉट फिरवणं जमेना, म्हणून तो काढून टाकला आणि सगळ्या स्टेजवर मंद उजेड ठेवला. शब्द तेच होते. पण झोक्याला धरून म्हणायचे तर वाक्यं आखूड करावी लागत होती. श्वास पुढे गेल्यावर घ्यावा लागे, मागे येताना सोडावा लागे. जिथे पूर्वी ती बोलायचं थांबे आणि सगळं नाट्यगृह तिच्याबरोबर थांबे, तिथे आता झोपाळा थांबत नव्हता. श्रीरंग खुर्ची धरून उभा होता. प्रेक्षकांकडे पाठ करून.

एक्याण्णव टक्के. काळी पट्टी जवळजवळ पुसली गेली होती.

वैंगणकरांनी पेढे वाटले. "ताई, झोपाळा म्हणजे फुकटचा नट हो. ना भत्ता, ना रुसवे."

पुढच्या वर्षभरात बाकीच्यांनीही धडा घेतला. घरातल्या बायका भांडताना टेबलाभोवती फिरू लागल्या. न्यायाधीश येरझाऱ्या घालत निकाल देऊ लागले. एका नाटकात मरणारा बाप चाकांच्या पलंगावर होता आणि मुलगा त्याला इकडून तिकडे ढकलत माफी मागत होता. नव्या नाटकांच्या संहितेत 'स्तब्ध' हा शब्द येईनासा झाला. समीक्षकांनी कुरकुर केली, पण ती वाचायला डोळे ओळींवरून उड्या मारत न्यावे लागतात. त्याचा आकडा कुणी काढत नव्हतं.

श्रीरंगचा आकडा घसरत गेला. आप्पांची निम्मी नजर झोपाळ्याची होती, आणि झोपाळा गेला होता. एका सकाळी वैंगणकरांचा फोन आला. तो यामिनीला आला, श्रीरंगला नाही.

"ताई, रागावू नका. आप्पाला एक मुलगा बघितलाय. मुलगा म्हणजे पन्नाशीचा आहे, पण चालता-फिरता. काठी टेकत स्टेजभर हिंडतो. श्रीरंगना थोडी विश्रांती देऊ."

"आणि तुम्ही मला का विचारताय?"

"कारण दुसराही मार्ग आहे. झोपाळा त्यांना परत द्यायचा. ते राहतील. मग तुमची खुर्ची मात्र दोन मिनिटं. तुम्ही म्हणाल तसं."

स्वयंपाकघरात श्रीरंग चहाला आलं किसत होता. किसणीचा आवाज येत होता, बारीक, एका लयीत. यामिनी गॅलरीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"त्याला तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मला यात घेऊ नका."

त्याला दुपारी कळलं. त्याने आरडाओरडा केला नाही. "तुला काही बोलला होता का वैंगणकर?" एवढंच विचारलं.

"नाही," यामिनी म्हणाली.

नव्या आप्पांबरोबरचा पहिला कोकण दौरा होता. चिपळूणच्या प्रयोगानंतर प्रमिला करमरकर आत आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या बाई. नाटक चिपळूणला आलं की त्यांचं पहिल्या रांगेतलं तिकीट ठरलेलं. दरवेळी आत येऊन 'छान' म्हणायच्या आणि जायच्या. आज त्या बसल्या.

"झोपाळ्यावर छान दिसता हो."

"थँक्यू."

"पण मला यंदा काही ऐकू आलं नाही."

"माईकला काही झालं होतं का?"

"माईक उत्तम होता. कानही माझे उत्तम आहेत." त्या पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. "माझीही एक गेली होती. तुमच्यासारखीच, म्हणजे नाटकातल्यासारखी. घरात कुणी तिचा विषय काढत नाही. मी वर्षातून एकदा तुमचं ते बोलणं ऐकायला यायची. तुम्ही खुर्ची धरलीत की डोळे मिटायचे. मग ती यायची. आमच्या पाध्येबाई शेजारी बसतात, त्याही मिटायच्या. त्यांचं काय गेलंय ते मी कधी विचारलं नाही. यंदा मिटताच येईनात हो. डोळे आपले झोपाळ्याबरोबर जातात. जातात आणि येतात."

यामिनीने हातातला कापूस खाली ठेवला.

"म्हणजे वाईट होतं असं नाही," करमरकरबाई उठत म्हणाल्या. "सगळं बघितलं. छानच होतं."

त्या गेल्यावर यामिनीने पुण्याला घरी फोन लावला.

"श्रीरंग, ते लोक झोपलेले नव्हते."

"कोण?"

"काळी पट्टी. तेवीस टक्के, चौतीस टक्के. ते ऐकत होते."

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हो."

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या तोंडावर स्पॉट असायचा, तुला काळोख दिसायचा. मी मागे, मंद उजेडात. मला पुढच्या दोन रांगा लख्ख दिसायच्या. पहिल्या प्रयोगाला तू तोंड उघडलंस आणि एकेक करून डोळे मिटायला लागले. एका म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी येत होतं, डोळे मिटलेलेच. दुसऱ्या प्रयोगालाही तेच. मी सतरा वर्षं स्टेजवर होतो तोवर, यामिनी. माझ्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, शिट्ट्या मारल्या होत्या. डोळे कुणी मिटले नव्हते." तो खोकला. "तिसऱ्या प्रयोगाला मी अंगठा टेकला. म्हटलं, बघू उघडतात का. बरेचसे उघडले."

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"तुला वैंगणकरने दोन मार्ग दिले होते, हे मला त्याच्याकडून कळलं. तू सांगितलंस?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. तो वाट बघत होता, की फोन ठेवायला विसरला होता, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला दुसरा अंक सुरू झाला. नवे आप्पा काठी टेकत खुर्चीपाशी गेले. यामिनी झोपाळ्यावर बसली आणि तिने दोन्ही पाय जमिनीला घट्ट लावले. आज हलायचं नाही, असं ठरवून ती आली होती. कमानीवर कॅमेरे होते, असू दे.

ती बोलू लागली. पहिलं वाक्य, दुसरं. वाक्यं पुन्हा आपल्या लांबीची झाली. स्पॉट नव्हता, त्यामुळे पुढची रांग तिला स्वच्छ दिसत होती. मधोमध एक जाड भिंगांचा माणूस बसला होता, मांडीवर हात ठेवून, तिच्याकडे बघत. ती मुलीच्या मुठीबद्दल बोलायला लागली तशा त्याच्या पापण्या जड झाल्या, खाली आल्या आणि मिटल्या. त्याच्या शेजारच्या बाईने मिटल्या. मग पलीकडचीने. रांगेत दिवे एकेक करून मालवत जावेत तसं.

ते आपल्यासाठीच मिटतायत, हे तिला आता माहीत होतं. इतकी वर्षं जे कुणी सांगितलं नव्हतं, ते समोर होतं. ती बोलत राहिली आणि समोर तिच्याकडे बघणारं कुणी उरेना. मागे बसून हेच बघायचं म्हणजे काय, ते तिला पहिल्यांदाच कळलं. आणखी एक जोडी मिटली.

तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर दाबला गेला.

कड्या कुरकुरल्या. जाड भिंगांच्या माणसाने दचकून डोळे उघडले. ते तिच्यावर आले, तिच्याबरोबर डावीकडे गेले, मग उजवीकडे. तेलासारखे.